मँटूच्या गोलातली गर्दी

लहान मुलाचा खोकला दोन-तीन आठवडे हटला नाही की डॉक्टर मँटू टेस्ट लिहून देतात. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत बारीक सुई, भोवती बॉलपेनने काढलेला गोल आणि सूचना: चोळू नका, खाजवू देऊ नका, परवा दाखवायला आणा. मग दोन दिवस घरभराचे डोळे त्या गोलावर. जरा लाल दिसलं की आजीचा जीव खालीवर.

खरं तर लाली मोजतच नाहीत. मोजतात ती बोटाला कडक लागणारी सूज, मिलिमीटरमध्ये. सुईतून जिवंत जंतू जात नाही, क्षयाच्या जंतूची शुद्ध केलेली प्रथिनं तेवढी जातात. त्या जंतूशी शरीराची आधी गाठ पडली असेल, तर त्याची आठवण ठेवणाऱ्या टी पेशी रक्तातून तिथे येतात, रासायनिक निरोप सोडून इतर पेशींना बोलावतात आणि कातडीखाली गर्दी होते. गर्दी जमायला ४८ ते ७२ तास लागतात, म्हणून ‘परवा आणा’.

‘सूज आली, म्हणजे टीबी झाला’ हा पहिला गैरसमज. सूज फक्त ओळख सांगते. जंतू कधीकाळी येऊन गप्प बसलेला असेल किंवा बीसीजीच्या लशीमुळेही ती ओळख झालेली असेल. उलट बाजूचा गैरसमज जास्त धोक्याचा: गोल कोरा राहिला, म्हणजे सुटलो. मूल फार कुपोषित असेल, नुकताच गोवर होऊन गेला असेल किंवा एचआयव्हीने टी पेशी खाल्ल्या असतील, तर आत क्षय असूनही गोलात काहीच जमत नाही. जमायला पेशी तर हव्यात!

या पेशींना सर्रास ‘सैनिक’ म्हणतात. मला ही उपमा खटकते, कारण जंतू दिसला की त्यावर तुटून पडणं हे काम बहुतेक टी पेशी करतच नाहीत. त्यांच्या नावातला ‘टी’ थायमस या छातीच्या हाडामागच्या ग्रंथीचा. ती निरुपयोगी आहे असंच बराच काळ मानलं जाई. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांमधून ती काढून टाकली, तेव्हा त्या उंदरांची प्रतिकारशक्ती कोलमडलेली दिसली. या ग्रंथीत पेशींची परीक्षा होते. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या बाद, आणि ज्या स्वतःच्याच शरीरावर उठतात त्याही बाद. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात.

बाहेर पडलेल्यांपैकी मारक टी पेशी मारतात खऱ्या, पण जंतूला नव्हे. विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशीला. आपल्या पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे सतत पृष्ठभागावर मांडत असतात. त्यात परका तुकडा दिसला की मारक पेशी त्या पेशीला भोकं पाडते आणि आत्मनाशाचा हुकूम आत सोडते. तुकडा आपल्याच ‘ताटात’ वाढलेला असेल तरच तो ओळखला जातो, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७४ च्या सुमारास कॅनबेरात दाखवलं. त्यासाठी १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं.

दुसरा प्रकार मदतनीस टी पेशींचा. नाव फारच नम्र आहे. अँटिबॉडी टी पेशी नव्हे, बी पेशी बनवतात. पण बऱ्याचदा मदतनिसाने होकार दिल्याशिवाय त्याही नीट कामाला लागत नाहीत. क्षयाचा जंतू गिळून बसलेल्या भक्षक पेशीला तो पचवायचं बळही मदतनीस पेशीच देतात. एचआयव्ही नेमका यांच्यावर घाला घालतो. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रावर ‘सीडी-फोर किती?’ असं विचारतात ते याच पेशींबद्दल. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५०० ते १५०० असतो. तो २०० च्या खाली गेला की एड्सची अवस्था मानतात आणि क्षयासारखे आजार अंगात शिरकाव करतात. ‘सीडी-फोर चांगला आलाय, आता गोळ्या थांबवल्या तरी चालतील’ हे वाक्य म्हणूनच भीतीदायक आहे. आकडा चांगला आला तो गोळ्यांमुळे. पूर्वी हा आकडा घसरेपर्यंत उपचारांची वाट पाहत. २०१७ पासून भारतात आकडा न पाहता प्रत्येक बाधिताला औषध सुरू करतात.

‘प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी’ या समजाला कुष्ठरोगाइतकं चोख उत्तर दुसरं नाही. जंतू एकच. ज्याच्या टी पेशी त्यावर जोरात उठतात, त्याच्या अंगावर मोजकेच बधिर चट्टे येतात आणि जंतू शोधूनही सापडत नाहीत, पण त्या धुमश्चक्रीत नसा लवकर जायबंदी होतात. ज्याच्या टी पेशी या जंतूपुढे थंड पडतात, त्याच्या कातडीत जंतूंचा सुळसुळाट होतो. उपचार चालू असताना काहींचे जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, नसा ठणकतात. ‘औषध अंगावर उठलं’ म्हणून रुग्ण गोळ्या सोडतो. वास्तविक तो बहुतेकदा टी पेशींचा उठाव असतो. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि डॉक्टरांकडून स्टेरॉइड घेऊन उठाव शमवायचा. उशीर झाला तर बोटं कायमची वाकडी होतात. (इथे ‘इम्युनिटी बूस्टर’ काढा विकणाऱ्याला काय म्हणावं?)

हा उठाव आवरणारीही एक जात आहे: नियामक टी पेशी. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या तेव्हा फारसा कुणाचा विश्वास बसला नव्हता. पुढे मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधलेला एक जनुक या पेशी घडवतो असं दिसलं आणि २०२५ चं नोबेल तिघांना विभागून मिळालं. या जनुकात दोष असलेल्या मुलांच्या टी पेशी त्यांच्याच आतड्यांवर, कातडीवर आणि स्वादुपिंडावर चालून जातात. लहान मुलांचा टाइप वन मधुमेहही टी पेशींनी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्यामुळे होतो. फार गोड खाल्लं म्हणून नाही. आईला दोष देणाऱ्यांनी एवढं ऐकावं.

शेवटचा गैरसमज टी पेशींच्याच एका उपचाराबद्दलचा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ‘कॅन्सरवर देशी इलाज सापडला’ असे निरोप फिरले. इलाज खरा आहे, पण तो बी पेशींच्या काही रक्तकर्करोगांपुरता, तोही नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या. रुग्णाच्याच टी पेशी काढतात, बी पेशींवरची एक खूण ओळखणारा जनुक त्यांत घालतात, त्या वाढवतात आणि परत शिरेतून सोडतात. मग वॉर्डात ताप येण्याची वाट पाहतात. ताप हा टी पेशी कामाला लागल्याचा निरोप असू शकतो. पण पेशींचा हा जोर हाताबाहेर गेला तर रक्तदाब कोसळतो, म्हणून उतारा आधीच हाताशी ठेवलेला असतो. ती खूण निरोगी बी पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मारल्या जातात. कर्करोग हटलेल्या काही रुग्णांना पुढे कित्येक महिने दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी टोचून घ्याव्या लागतात.