टास्कबारचं अंतर त्या आकड्यात नाही

विरार स्टेशनबाहेर, तुळींजला किंवा वसई गावात, ‘झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म’ अशी पाटी लावलेल्या दुकानांत एक सल्ला मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. टास्कबारवरचे आयकॉन एकमेकांना चिकटलेत, बोट घसरलं की भलतंच उघडतं, अशी कुणी तक्रार केली की शेजारचा ऑपरेटर लगेच सांगतो, ‘रजिस्ट्रीत जा, आयकॉन स्पेसिंगची व्हॅल्यू वाढव, रीस्टार्ट कर.’ एमएस-सीआयटीच्या क्लासमधली मुलंही हेच एकमेकांना शिकवतात. सल्ला आत्मविश्वासाने दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे.

तक्रार मात्र खरी आहे. दुकानातल्या एका मशीनवर सरकारी पोर्टल, स्कॅनर, वर्ड आणि व्हॉट्सअॅप वेब एकाच वेळी उघडं असतं. समोर रांग असते. घाईत शेजारच्या बटणावर क्लिक झालं तर आधीच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पुढच्या माणसासमोर पडद्यावर येतं. म्हणून अंतराचा प्रश्न किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही, आणि त्यावर चुकीचं उत्तर फिरत राहावं हे मला खटकतं.

रजिस्ट्रीत करंट यूजरखाली कंट्रोल पॅनल, त्यात डेस्कटॉप आणि त्यात ‘विंडो मेट्रिक्स’ नावाची जागा आहे. तिथे आडव्या आणि उभ्या अंतराच्या दोन व्हॅल्यू असतात आणि दोन्हींत मुळात −११२५ लिहिलेलं असतं. हा आकडा कुठून आला ते पाहिलं की गैरसमज तिथेच सुटतो. उणे चिन्हाचा अर्थ, माप पिक्सेलमध्ये नसून ‘ट्विप’मध्ये आहे. ट्विप म्हणजे इंचाचा १४४० वा भाग. पडद्याचं नेहमीचं माप इंचाला ९६ पिक्सेल धरलं, तर १ पिक्सेल म्हणजे १५ ट्विप. ११२५ ला १५ ने भागा, ७५ येतात. त्यातले ३२ पिक्सेल डेस्कटॉपवरच्या जुन्या आयकॉनची रुंदी आणि उरलेले ४३ मधली मोकळी जागा. विंडोज ७ पर्यंत हेच ४३ रंगरूप बदलण्याच्या खिडकीत सरळ दिसायचे आणि ० ते १५० पर्यंत बदलता यायचे. विंडोज ८ मध्ये ती खिडकी काढून टाकली, व्हॅल्यू रजिस्ट्रीत राहिली. म्हणूनच लोक आज तिथे जातात.

म्हणजे हा सगळा हिशेब डेस्कटॉपवरच्या आयकॉनांचा आहे. टास्कबार ही पट्टी वेगळी चालते आणि आपल्या बटणांची जागा ठरवताना हा आकडा वाचतच नाही. व्हॅल्यू वाढवून, साइन आउट करून परत आलात की डेस्कटॉपवरची चित्रं पांगलेली दिसतात. काहीतरी हललं म्हणून माणूस समाधान मानतो, टास्कबार जिथल्या तिथेच असतो, आणि तरी सल्ला पुढच्या दुकानात जातो. एकदा नीट बघा ना, काय हललं ते!

गोंधळाला एक जुनं कारणही आहे. याच ‘विंडो मेट्रिक्स’मध्ये ‘मिनविड्थ’ नावाची आणखी एक व्हॅल्यू घालून विंडोज ७ ते १० मध्ये टास्कबारवरच्या नावासकट दिसणाऱ्या बटणांची किमान रुंदी बदलता यायची. ती जागा जवळची असल्याने दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा टास्कबार जवळजवळ नव्याने लिहिला होता, त्यामुळे जुन्या युक्त्या गळून पडल्या. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ‘टास्कबारएसआय’ या व्हॅल्यूला ०, १ किंवा २ देऊन पट्टी लहान-मोठी करता येत होती. पुढच्या अपडेटांनी तेही बंद केलं.

मग अंतर वाढवायचं कसं? फक्त अंतर वाढवणारं साधं बटण विंडोजमध्ये नाही, हे आधी मान्य करू. जे आहे ते डिस्प्लेच्या सेटिंगमधलं ‘स्केल’. १०० टक्क्यांवरून १२५ वर नेलं की आयकॉन, बटण आणि मधली जागा, सगळं त्याच प्रमाणात वाढतं. मात्र १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर १२५ टक्के केलं की वापरायला उरणारी जागा साधारण १०९३ बाय ६१४ इतकीच होते आणि काही फॉर्मचं ‘सबमिट’ पडद्याखाली जातं. जुना छोटा मॉनिटर असेल तर हा व्यवहार पटतोय का ते आधी पाहा.

बटणांवर नावं दिसू द्यायचा पर्याय मला जास्त उपयोगी वाटतो. टास्कबारच्या सेटिंगमध्ये खिडक्या एकत्र न करण्याचा पर्याय आहे. विंडोज ११ मध्ये तो सुरुवातीला नव्हता, २०२३ मध्ये परत आला. तो लावला की उघड्या खिडकीचं बटण नावासकट रुंद होतं. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम इथे लागू पडतो: लक्ष्य जितकं मोठं आणि जितकं जवळ, तितका हात लवकर आणि बिनचूक पोचतो. बटणाच्या बाजूला पोकळी वाढवण्यापेक्षा बटणच रुंद केलेलं बरं. वेबच्या सुगम्यतेसाठीच्या नियमावलीची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तिच्यातही क्लिक करण्याच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल दिलं आहे; लक्ष्य त्याहून लहान असेल तरच भोवतालच्या मोकळ्या जागेची अट येते.

ज्यांना फक्त अंतरच हवं, त्यांच्यासाठी विंडहॉक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या एका मॉडने टास्कबारची उंची, आयकॉनचा आकार आणि बटणाची रुंदी वेगवेगळी ठरवता येते. पण विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर अशी साधनं बिघडू शकतात, म्हणून ज्या मशीनवर दुकान चालतं तिथे मी ते घालणार नाही. अनोळखी साइटवरून ‘टास्कबार फिक्सर’ उतरवणं तर नकोच. त्याच मशीनवर लोकांची कागदपत्रं पडलेली असतात.

याच्या उलट तक्रारही येते: ‘आयकॉन अचानक लांब लांब झाले, व्हायरस आला.’ विंडोज १० वर हे दिसलं तर आधी टॅबलेट मोड चुकून सुरू झालाय का ते बघा. बोटाने दाबणं सोपं जावं म्हणून तो मोड मुद्दाम अंतर वाढवतो. तो बंद केला की पट्टी पूर्ववत होते. यासाठी मशीन फॉरमॅट करून घेणाऱ्यांनी पैसे वाया घालवले आणि जपून न ठेवलेल्या फाइलीही गमावल्या.

बाकीचे समज थोडक्यात. टास्कबारवर पिन केलेले आयकॉन रॅम खात नाहीत. उघडे प्रोग्रॅम खातात. उजवं क्लिक करून ‘रिफ्रेश’ दाबल्याने कॉम्प्युटर वेगवान होत नाही, डेस्कटॉप फक्त पुन्हा रेखला जातो. अक्षरं मोठी व्हावीत म्हणून रिझोल्यूशन कमी करू नका. एलसीडी पडद्याचं मूळ रिझोल्यूशन सोडलं की देवनागरीतल्या मात्रा आणि जोडाक्षरं आधी पुसट होतात. घरच्या वडीलधाऱ्यांचे डोळे दुखायला लागतात त्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. तिथे स्केल वाढवा.

आणि ज्यांचा हात खरंच थरथरतो किंवा ज्यांच्यापुढे रांग उभी असते, त्यांना माउसची गरजच थोडी कमी करता येते. विंडोजचं बटण दाबून धरून १ दाबलं की टास्कबारवर पिन केलेला पहिला प्रोग्रॅम उघडतो, २ ने दुसरा, असं ९ पर्यंत; ० ने दहावा. रोजच्या कामाच्या क्रमाने आयकॉन ओढून लावा: ब्राउझर पहिला, स्कॅनर दुसरा, वर्ड तिसरा. घरातली व्यक्ती व्हिडिओ कॉलपुरताच कॉम्प्युटर वापरत असेल तर तो आयकॉन पहिल्या जागी आणा आणि तिला विंडोज व १ ही दोनच बटणं दाखवून द्या.