पीक सांगते तेवढेच ऐकावे

लहानपणी सुट्टीत मी मामूंच्या शेतावर जात असे. जमीन हलकी, मुरमाड. त्या रानाच्या एका कोपऱ्यात रब्बीच्या ज्वारीत दरवर्षी एक गोल उमटायचा. आतली ज्वारी वीतभर उंच आणि गर्द हिरवी. तिच्याभोवती खुरटलेल्या, लवकर पिवळ्या पडणाऱ्या ज्वारीचे कडे. बांधावरच्या लिंबावर चढले, की तो गोल स्पष्ट दिसे. त्याविषयी गावात दोन मते होती. कोणी म्हणे, तिथे जुने देऊळ होते; कोणी म्हणे, पिराची जागा होती. मामू एवढेच म्हणत, "खाली कायतरी हाय, हे खरं. काय हाय ते ज्वारीला इचारून कळायचं न्हाई."

त्या कोपऱ्यात काय निघाले ते शेवटी सांगतो. पण मामूंचे ते बोलणे म्हणजे एका शास्त्राचे सार होते, हे मला फार उशिरा कळले. पिकात उमटणाऱ्या अशा खुणांना पुरातत्त्वज्ञ 'क्रॉपमार्क' म्हणतात. आपण त्यांना पीकखुणा म्हणू.

यामागचे कारण कोणत्याही शेतकऱ्याला पटेल असे आहे. हजारो वर्षांपूर्वी कोणी खंदक खणला, खांबासाठी खड्डा घेतला. पुढे तो मातीने भरला, त्यावर नांगर फिरला, जमीन सपाट झाली. पण त्या जागी माती खोल आणि भुसभुशीत राहिली. तिथे मुळे खाली जातात, ओल जास्त दिवस टिकते. पाऊस ओढ देतो तेव्हा आजूबाजूचे पीक माना टाकते आणि खंदकावरचे पीक हिरवेगार, उंच राहते. खाली दगडी भिंत पुरलेली असेल तर उलटे घडते. मातीचा थर पातळ, मुळे दगडाला अडतात, पीक खुरटते आणि आधी पिवळे पडते. म्हणून या खुणा पाहायला दुष्काळी वर्ष सर्वांत चांगले.

शेतात उभे राहून मात्र हे सहसा दिसत नाही. या विद्येचा पाया घालणारे ब्रिटिश संशोधक ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी गालिच्यावरच्या मांजराचे उदाहरण दिले होते. मांजराला जवळचे रंग दिसतात, गालिच्याची नक्षी दिसत नाही. ती उभ्या माणसाला दिसते. गंमत अशी, की या क्रॉफर्डांचा जन्म १८८६ साली आपल्या मुंबईत, ब्रीच कँडीला झाला. जन्मानंतर काही दिवसांतच आई वारली आणि तान्ह्या मुलाला आत्यांकडे इंग्लंडला पाठवण्यात आले. पहिल्या महायुद्धात ते विमानातून टेहळणी करत. शत्रूचे खंदक शोधणारी ती नजर पुढे प्राचीन खंदक शोधू लागली.

या विद्येतले एक गाजलेले उदाहरण इंग्लंडमधलेच आहे. स्टोनहेंजपासून जवळच एका शेतात एक झिजलेला गोल उंचवटा होता. तो जुन्या दफनाचा ढिगारा असावा, असे मानले जाई. डिसेंबर १९२५ मध्ये गिल्बर्ट इन्सॉल नावाच्या वैमानिकाला वरून जाताना त्या गोलात पांढरे ठिपके दिसले. पुढच्या उन्हाळ्यात तिथे गहू उभा राहिला आणि गव्हात ठिपक्यांची एकात एक वर्तुळे स्पष्ट झाली. वर्तुळे पाच, सहा की सात, हे मात्र वरून नक्की सांगता येईना. मॉड कनिंग्टन यांनी १९२६ पासून तिथे उत्खनन केले, तेव्हा ती सहा असल्याचे कळले. ठिपके म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी खांबांचे खड्डे होते. लाकूड केव्हाच कुजून गेले होते. खड्ड्यांची आठवण तेवढी मातीने ठेवली होती. ती जागा आज 'वुडहेंज' म्हणून ओळखली जाते.

छायाचित्राने आकार दाखवला. मोजदाद आणि काळ ठरवायला जमिनीवर उतरावे लागले. तज्ज्ञाची खरी परीक्षा इथेच असते. शेतातली प्रत्येक रेघ प्राचीन नसते. अलीकडे पुरलेली पाण्याची नळी, मोडलेला बांध, ट्रॅक्टरची चाकोरी, युद्धकाळातला सरावाचा खंदक, हिमयुगात जमिनीला गेलेल्या भेगा, हे सारे पिकात उमटते. म्हणून तीच जागा अनेक वर्षे, वेगवेगळ्या पिकांत पाहतात, जुन्या नकाशांशी ताडतात, आणि तरीही शब्द जपून वापरतात. 'गोल खंदक' म्हणतात, 'मंदिर' म्हणत नाहीत.

आणि खूण दिसली नाही, म्हणजे खाली काही नाही, असेही नाही. खुद्द स्टोनहेंजचे दगडांचे बाहेरचे वर्तुळ मुळात पूर्ण होते का, हा जुना वाद. २०१३ च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथल्या गवताला पाणी देणारी नळी पलीकडच्या बाजूपर्यंत पोहोचली नाही. तिकडचे गवत सुकले आणि जिथे एकेकाळी दगड असावेत नेमक्या त्याच जागी करपलेले चट्टे दिसले. खड्डा म्हणजे हिरवे, हा ढोबळ नियमही तिथे चालला नाही. २०१८ च्या दुष्काळात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजजवळच्या शेतात ड्रोनमधून असेच एक भले मोठे प्राचीन वर्तुळ दिसले. इतकी वर्षे ते तिथेच होते.

अर्थात ते कायम तिथे राहील, असे नाही. जो नांगर वरचा बांध सपाट करतो, तोच दरवर्षी थोडा खोल जाऊन खालची खूणही खरवडतो. म्हणून वेळेवर टिपलेले एक छायाचित्र मोलाचे असते. कधीकधी तेवढाच पुरावा मागे उरतो.

आता मामूंच्या शेताकडे वळतो. मी कॉलेजात असताना तिथे पाण्याच्या नळीसाठी चर खणला. त्या गोलाच्या कडेला घडीव दगड लागले. बातमी गावभर झाली, दोन्ही मतांची माणसे जमली. आणखी थोडे खणल्यावर दगडांचा आकार ध्यानात आला. ती बुजवलेली विहीर होती. आत भरलेल्या मातीवर ज्वारी माजत होती आणि दगडी बांधकामावर खुरटत होती. जमलेली माणसे थोडा वेळ उभी राहिली आणि आपापल्या घरी गेली. जाता जाता एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे सगळेच पाणी पीत असतील हितलं."

मामू काही बोलले नाहीत. त्यांनी चर दोन हात बाजूला सरकवून घेतला आणि दगड होते तसे झाकून टाकले.