तुरुंगातील रंगभूमी आणि भूमिकांचे वाटप

तुरुंगातील नाट्यप्रयोगांचा विचार बहुधा ‘सुधारणा’ या अंगाने केला जातो. तथापि कैद्याला भूमिका कोण देतो, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. कारण तुरुंगात प्रवेश करताच व्यक्तीला एक भूमिका मिळालेलीच असते.

दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटावर वंशभेद आहारात व वेशातही होता. आफ्रिकी कैद्यांना आखूड, तर भारतीय व मिश्रवंशीयांना लांब विजारी मिळत. याच बेटावर कैद्यांनी सोफोक्लिसचे ‘अँटिगनी’ सादर केले आणि नेल्सन मंडेला यांनी क्रेऑन या सत्ताधीशाची भूमिका केली. शासित सत्तेच्या भाषेची आतून चिकित्सा करतो, हे या पात्रयोजनेचे मर्म होय. याच अनुभवविश्वावर अॅथॉल फ्यूगार्ड, जॉन कानी व विन्स्टन न्त्शोना यांचे ‘द आयलंड’ (१९७३) उभे आहे. त्यातील एक कैदी अँटिगनीची स्त्रीभूमिका प्रथम नाकारतो आणि अखेरीस तीच स्वतःची म्हणून स्वीकारतो.

भारतात वंशाच्या जागी जात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगाराची भूमिका दिली. तिचे ओझे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात मराठी वाचकाने पाहिले आहे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु अनेक कारागृह-नियमावल्यांत जातीनुसार कामवाटप टिकून राहिले. सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अशा तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या व कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. कोठडीत मरण पावलेल्या बुधन सबर यांच्यावरील नाटकातून १९९८ मध्ये अहमदाबादच्या छारानगरात ‘बुधन थिएटर’ उभे राहिले. तेथे ‘गुन्हेगार’ ठरविलेल्यांनीच पोलिसांच्याही भूमिका केल्या.

यावरून असे म्हणता येईल की, भेदविरोधी नाट्यव्यवहार संहितेतील उपदेशाने सिद्ध होत नाही. झाडू कोणाच्या हाती, राजदंड कोणाच्या हाती आणि संहितेत बदल करण्याचा अधिकार कोणाला, यावर तो ठरतो. ही कसोटी तुरुंगापुरती मर्यादित नाही. रोहे-पेण परिसरात कातकरी वाड्या आहेत. तेथील महाविद्यालयीन नाटकात कातकऱ्याचे पात्र आले, तर ते कोणी लिहिले, कोण करणार आणि कातकरी विद्यार्थ्याला त्याखेरीज दुसरी भूमिका मिळणार काय, हे प्रश्न तालमीपूर्वीच विचारले गेले पाहिजेत.