नव्या घासाची ओळख : लेखांक ७

मागील लेखांकात घट्ट आणि दाणेदार अन्न चावण्याचे कौशल्य मुलामध्ये टप्प्याटप्प्याने कसे येते, याचा विचार झाला. मात्र जीभ घास दाढांकडे सरकवू लागली आणि जबडा चावू लागला, तरी दीड-दोन वर्षांच्या सुमारास अनेक मुले नव्या पदार्थाकडे पाठ फिरवतात आणि कालपर्यंत खाल्लेली भाजीही ताटाबाहेर काढून टाकतात. घरोघरी या वागण्याला ‘नखरे’ म्हटले जाते, किंवा नजर लागली असे समजून मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते. प्रस्तुत लेखांकात या नकारामागची कारणे आणि नवा पदार्थ मुलाच्या अंगवळणी पडण्याची रीत पाहावयाची असून, उदाहरण म्हणून लाल भोपळा ही एकच भाजी शेवटपर्यंत समोर ठेवली आहे.

या नकाराचे पहिले कारण भुकेच्या हिशेबात आहे. साधारण तीन किलो वजनाने जन्मलेले बाळ वर्षाचे होईपर्यंत तिप्पट वजनाचे होते, परंतु दुसऱ्या वर्षात त्याचे वजन सुमारे दोन ते अडीच किलोनेच वाढते. वाढीचा वेग असा मंदावला की भूकही त्या मानाने ओसरते, आणि उष्टावणानंतर वाटीभर मऊ भात संपवणारे मूल दोन घासांत तोंड मिटून घेते. दुसरे कारण म्हणजे ज्याला ‘नवखाद्यभीती’ म्हणता येईल, ती अनोळखी अन्नाविषयीची उपजत सावधगिरी होय. साधारणपणे दोन ते सहा वर्षांच्या वयात ती तीव्र असते. रांगणारे मूल चालू लागले आणि हाताला येईल ते तोंडात घालण्याइतके मोकळे झाले की विषारी पाला किंवा फळ खाण्याचा धोका वाढतो. अशा वेळी अनोळखी वस्तू नाकारणारी मुले तगली असावीत, असे या सावधगिरीचे स्पष्टीकरण दिले जाते. ब्रिटनमध्ये आठ ते अकरा वर्षांच्या जुळ्या मुलांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलामुलांतील या भीतीच्या तीव्रतेत जो फरक आढळला, त्यातील सुमारे 78 टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडलेला दिसला. मूल खात नाही म्हणून आईच्या हाताला किंवा लाडाला दोष देण्याची जी प्रथा आहे, तिला या निष्कर्षाने बराच आळा बसावा.

ही भीती उपजत असली तरी ओळखीने ती कमी होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांनी एका सहकाऱ्यासह केलेला प्रयोग 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांच्या मुलांना चीजचे अपरिचित प्रकार, कोणता दोन वेळा तर कोणता वीस वेळांपर्यंत, चाखण्यास दिले गेले आणि नंतर निवड करू दिली असता जो प्रकार अधिक वेळा चाखलेला होता तोच मुलांनी अधिक पसंत केला. 1987 मधील पुढच्या अभ्यासात असे दिसले की पदार्थ नुसता पाहिल्याने तो पाहण्यापुरता आवडू लागतो, पण चव आवडण्यासाठी तो प्रत्यक्ष चाखावाच लागतो. पुढील अनेक अभ्यासांवरून आठ ते पंधरा वेळा चाखणे हा साधारण अंदाज मानला जातो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत तीन-चार नकारांनंतर ‘याला भोपळा आवडत नाही’ असा निकाल लागतो आणि ती भाजी मुलाच्या पानातून कायमची जाते.

चाखणे हे शेवटचे पाऊल असून त्याआधी अनेक पावले असतात, आणि अडचण असलेल्या मुलांच्या आहारोपचारात ती एकेक करून मोजली जातात. भोपळा चिरताना बिया वेचायला दिल्या तर त्याचे बुळबुळीत धागे बोटांना लागतात, आणि जे बोटांना सोसते ते पुढे ओठांना सोसण्याची शक्यता वाढते. शिजलेली फोड आरंभी मुलाच्या ताटात न वाढता शेजारच्या वाटीत ठेवावी. मग ती हाताने कुस्करणे, हुंगणे, ओठाला लावणे, जिभेने चाटणे, चावून पाहणे आणि नको वाटल्यास जवळच्या रिकाम्या वाटीत थुंकणे, या प्रत्येक कृतीला मोकळीक असावी. थुंकण्याची मुभा असलेले मूल घास तोंडात घेण्यास अधिक धजावते, कारण तोंडात घेतलेले गिळावेच लागेल ही धास्ती त्याला राहत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे आवडीच्या पदार्थापासून नव्या पदार्थापर्यंत साखळी जोडणे. एखादे मूल केवळ मऊ वरण-भात खात असेल, तर त्या पिवळ्या वरणात चमचाभर घोटलेला भोपळा त्याच्यादेखत मिसळावा, कारण रंग आणि पोत फारसे बदलत नाहीत. काही दिवसांनी प्रमाण वाढवावे, त्यानंतर वरणातच एक मऊ फोड अख्खी ठेवावी आणि मग तीच फोड भाताच्या कडेला वेगळी वाढावी. दही आवडणाऱ्या मुलासाठी ही साखळी भोपळ्याच्या भरितातून जाऊ शकते. फोडणीत मेथीदाणे घातलेली भाजी मात्र साखळीच्या शेवटी यावी, कारण कडू चव मुलांना सहसा मोठ्यांपेक्षा अधिक झोंबते. भोपळा लपवून खाऊ घालण्याचा मोह टाळावा. फसवणूक उघडी पडली की भोपळ्याबरोबर वरणावरचाही विश्वास उडतो. त्याचप्रमाणे गूळ घालून तळलेले घारगे आवडीने खाणारे मूल गोडाला सरावते, भोपळ्याच्या मूळ चवीशी त्याची ओळख बेताचीच होते; म्हणून घारगे अवश्य करावेत, पण चाखण्याच्या मोजणीत ते धरू नयेत.

या सर्व खटाटोपाला सर्वाधिक बाधा आणतो तो आग्रह. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात शाळापूर्व वयाच्या मुलांना मक्याचे आणि भोपळ्याच्याच कुळातील स्क्वॉशचे सूप देण्यात आले. त्यांपैकी एका सुपाच्या वेळी ‘सूप संपव’ असे वारंवार सांगितले गेले, तर दुसऱ्याच्या वेळी काहीच म्हटले गेले नाही. आग्रह नसताना मुलांनी सूप अधिक खाल्ले आणि त्याविषयी तक्रारीही फारच कमी केल्या. ‘भाजी संपव, मग खीर मिळेल’ हे आमिषही असेच उलटते, कारण त्यातून भाजी ही शिक्षा आणि खीर हे बक्षीस असा अर्थ मूल काढते. मोबाइल दाखवून भरवलेला घास पोटात जातो खरा, परंतु मुलाचे लक्ष चवीकडे नसल्याने ओळख होत नाही. काऊ-चिऊचे घास खेळापुरते निरुपद्रवी असतात; मात्र मिटलेल्या ओठांवर घास टेकवला जाऊ लागला की त्या खेळाची सक्ती झालेली असते.

आग्रहाला पर्याय म्हणून अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जबाबदारीची वाटणी सुचवली : काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने. पानात टाकू नये या मराठी घरांतील संस्काराशी हे विसंगत वाटण्याचा संभव आहे, परंतु पहिले वाढप चमचाभरच ठेवले आणि मागितल्यावर पुन्हा वाढले, तर दोन्ही गोष्टी साधतात. दोन खाण्यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे, मधल्या वेळी बिस्किटे नसावीत आणि वर्षानंतर दूध दिवसाला सुमारे अर्ध्या लिटरपुरते मर्यादित असावे. अधिक दुधाने भूक मरते आणि लोहाची कमतरता उद्भवते, व त्या कमतरतेने पुन्हा भूक मंदावते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 मधील पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 67.1 टक्के भारतीय मुलांत रक्तक्षय आढळला, हे ध्यानात घेता खाण्याची तक्रार असलेल्या मुलाचे हिमोग्लोबिन तपासणे अगत्याचे ठरते.

तथापि प्रत्येक नकार वयाबरोबर मावळणारा नसतो. वजन वाढायचे थांबणे किंवा घटणे, गिळताना वारंवार ठसका लागणे, घास पाहूनच उमासे येणे, मऊ वा कुरकुरीत असा पोताचा एखादा संपूर्ण वर्गच वर्ज्य असणे, मोजकेच पदार्थ खाल्ले जाणे आणि त्यांतलेही एकेक कायमचे गळत जाणे, ही नखऱ्यांपलीकडच्या अडचणीची लक्षणे होत. टोकाच्या अशा स्थितीला 2013 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले. येथे आधी बालरोगतज्ज्ञांकडून शारीरिक कारणे तपासून घ्यावीत आणि गरजेनुसार वाचोपचार किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. वाचोपचार तज्ज्ञांचे क्षेत्र बोलण्यापुरते नसून चावणे आणि गिळणेही त्यात येते, तर व्यवसायोपचार तज्ज्ञ स्पर्श, वास व पोत यांविषयीची अतिसंवेदनशीलता हाताळतात. सरकारी व्यवस्थेत त्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत.

अन्य मुलांच्या बाबतीत मात्र हाताशी ठेवण्याजोगे साधन साधेच आहे : भिंतीवरच्या दिनदर्शिकेत भोपळ्याच्या प्रत्येक भेटीची एक खूण करावी. फोड कुस्करली, चाटली की थुंकली हेही तिथेच टिपावे, म्हणजे चौथ्या नकारानंतर निकाल देण्याची घाई आपोआप टळते. थुंकलेली फोडही जिभेला लागलेली असते, म्हणून ती चाखण्याच्या मोजणीत धरावयाची असते.

पुढील लेखांकात पाळणाघरात आणि अंगणवाडीत इतर मुलांच्या पंगतीत बसल्याने मुलाच्या खाण्यात होणाऱ्या बदलांचा विचार केला जाईल.