हिशेब सुक्याचा आणि ओल्याचा

आमच्या अम्मीकडे भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. भुसा सुका असला की स्वयंपाक निवांत, दमट असला की घरभर धूर. आज ‘गॅसिफिकेशन’ या भारदस्त नावाने जे सांगितलं जातं, त्याचं अर्धं तत्त्व त्या डब्यात होतं. लाकूड तापलं की आधी वायू सुटतो. ज्योत दिसते ती त्या वायूची. बंद भट्टीत हवा मोजूनमापून, कमीच सोडली, तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला जळाऊ वायू हाती येतो. तो धुऊन, गाळून इंजिनाला दिला की वीज.

यात नवं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर मोटारी धावत. गाडीला भट्टी जोडलेली आणि निघण्यापूर्वी हाताने पंखा फिरवून ती फुलवायची. युद्ध संपलं, पेट्रोल आलं आणि भट्ट्या भंगारात गेल्या. यंत्र तेच होतं, हिशेब बदलला.

आजचा हिशेब पाहू. एका युनिट विजेला साधारण सव्वा किलो सुकं लाकूड लागतं. तोडलेलं, वाळवलेलं लाकूड किलोला चार रुपये धरा. युनिटमागे पाच रुपये नुसत्या जळणाचे झाले. शिवाय गाळण्या साफ करणारा माणूस, डांबरासारखा चिकटा बसून खराब होणारं इंजिन आणि कर्जाचं व्याज. छोटा डिझेल जनरेटर लिटरमागे तीनेक युनिट देतो, त्याच्यापुढे हे स्वस्तच. पण 2017 साली राजस्थानात भडला इथे सौरविजेची बोली युनिटला 2 रुपये 44 पैशांवर आली. सूर्य रात्री नसतो हे खरं, तरी एवढा फरक कोणाला परवडणार?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात उसाचं पाचट आणि बगॅस यांवर चालणारा गॅसिफायर केला, तो कारखान्यांना उष्णता पुरवण्यासाठी. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. वायू थेट जाळला तर तो इंजिनासाठी करावा लागतो तितका स्वच्छ करावा लागत नाही, आणि वीज करताना जळणातली जवळजवळ चार-पंचमांश उष्णता वाया जाते, तीही वाचते. अडचण पाचटाच्या वाहतुकीची. ट्रक भरलेला दिसतो, पण त्यात निम्म्याहून अधिक हवाच.

शहरी कचऱ्याची तऱ्हा उलटी, त्यात पाणी. आमच्या बिबवेवाडीला लागूनच मार्केट यार्ड आहे. तिथल्या कोबीच्या एक किलो पाल्यात नऊशे ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सहाशेवर किलोकॅलरी लागतात. म्हणजे या पाल्यातून मिळेल त्याहून जास्त तो वाळवण्यातच जाणार. असा पाला बायोगॅसच्या टाकीत घालावा, तिथे ओलावा कामाचा. महापालिकेने हडपसरजवळ रामटेकडीला रोज 700 टन कचरा घेणारा गॅसिफिकेशन प्रकल्प आणला होता. ठरलेली वीज काही त्यातून मिळाली नाही.

मग भट्टीला आवडतं काय? कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक. नेमकं हेच कचरावेचक बायका वेचून विकतात. पुण्यात 1993 साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. 2008 पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. या ताईंच्या मिळकतीत घरटी शुल्काच्या जोडीला भंगाराचे पैसे असतात. कचऱ्यापासून वीज म्हटलं की जळण फुकट धरलं जातं. ते फुकट नाही, त्यातला सुका, जळण्याजोगा माल या बायकांचा रोजगार आहे. त्यांनी पुठ्ठा काढून घेतला तर भट्टीला ओलं उरतं. काढू दिला नाही तर त्यांची चूल विझते, आणि पुन्हा कागद होऊ शकला असता तो पुठ्ठा एकदाच जळून संपतो.

उरतात फाटके कपडे, रेक्झिन, वेफरची चकचकीत पाकिटं, ज्यांना भंगारवाला हात लावत नाही. ती सुकी ठेवून भट्टीत घालावीत, माझी ना नाही. फक्त तेवढ्यासाठी 700 टनांची भट्टी लागत नाही.