मामा, पाळणा आणायला टेप घेऊन जा!

ताई बाळंतपणाला माहेरी आली की पाळण्याचं काम हमखास घरातल्या कॉलेजवाल्यावर येतं. झालर आणि रंग नंतर बघा. आधी खिशातलं आयकार्ड बाहेर काढा.

हे चित्र ओळखीचं वाटतंय का बघा. ताई सातव्या महिन्यात माहेरी आली आहे. आई डिंकाच्या लाडवांच्या तयारीत, बाबा दवाखान्याच्या फायली सांभाळताहेत, आजी जुन्या मऊ सुती साड्या काढून दुपटी शिवायला बसली आहे. तुमचं सेमिस्टर नुकतंच संपलंय. घरी आहात, गाडी आहे, हातात मोबाइल आहे. म्हणजे ठरलंच. 'पाळण्याचं तेवढं तू बघ.'

मग काय होतं? मोबाइलवर सर्च मारला जातो. गुलाबी झालरीचे, छत्रीवाले, गाणी वाजवणारे, मोटरवर हलणारे असे शंभर पाळणे समोर येतात. नाहीतर जळगावात फुले मार्केटला आणि धुळ्यात आग्रा रोडला एक चक्कर होते आणि जो दिसायला भारी, तो गाडीवर आडवा बांधून घरी येतो. मीही तेच केलं होतं. भाच्यासाठी आणलेला पाळणा दिसायला एक नंबर होता. घरी स्टँडला टांगला. आजीने उठताना आधाराला म्हणून एका कडेवर हात टेकवला आणि पाळणा सरळ कलंडला. आत फक्त एक उशी होती, बाळ यायला तीन आठवडे बाकी होते, म्हणून हसण्यावारी गेलं. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, 'बाळ कुठं हात टेकवणारेय भाऊ?' बाळ नाही, पण त्याच्या चार वर्षांच्या चुलत बहिणीने दुसऱ्याच दिवशी तिथे लोंबकळून दाखवलं.

नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं. बाकी वेळ ते कुणाच्या ना कुणाच्या हातात असतं. घरातली एकच वस्तू अशी आहे, जिच्या भरवशावर आपण त्याला एकटं सोडतो आणि पाठ फिरवतो. गाडीचे ब्रेक तपासतो तसा पाळणा तपासायचा, तो यासाठी.

आता ते आयकार्ड. एटीएम कार्डाच्या मापाचं असेल तर त्याची छोटी बाजू ५.४ सेंटिमीटर असते. पाळण्याच्या किंवा कॉटच्या दोन गजांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे कार्डाची छोटी बाजू फटीत धरली की दोन्हीकडे मिळून अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त मोकळी जागा दिसता कामा नये. अमेरिकेने १९७३ साली हा नियम केला, कारण बाळाचं अंग बारीक आणि डोकं मोठं. पाय गजांतून बाहेर जातात, मग कंबर, मग खांदे, आणि मान अडकते. आपल्याकडच्या सुताराने लेथवर काढलेल्या नक्षीच्या दांड्या सुंदर असतात, पण दांडी मध्ये बारीक झाली की तिथली फट रुंद होते. माप सगळ्यात रुंद जागी घ्या. नक्षीत मोठी भोकं असतील, तर त्यांनाही हाच नियम.

गादीचं माप दोन बोटांचं. गादी आणि पाळण्याची बाजू यांच्यात दोनपेक्षा जास्त बोटं गेली तर गादी छोटी आहे. 'मऊ मऊ घ्या, बाळाला टोचायला नको' असं दुकानात म्हणतील. ऐकू नका. तळहाताने दाबून सोडल्यावर जी लगेच पहिल्यासारखी सपाट होते, ती गादी चांगली. तळहाताचा खड्डा ज्या गादीत राहतो, त्याच खड्ड्यात बाळाचं नाक-तोंड बुडू शकतं.

तळ सपाट आहे का, हे मोबाइल सांगतो. लेव्हलचं अ‍ॅप उघडा आणि फोन पाळण्याच्या तळावर ठेवा. पाळणा टांगलेला असताना हे करा, नुसता जमिनीवर ठेवून नको. दोरी किंवा साखळी एका बाजूला आखूड असेल तर लगेच कळेल. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा झाला, की १० अंशांपेक्षा जास्त उताराची बाळाची झोपायची वस्तू विकायचीच नाही. त्यामागे एक मोठं प्रकरण होतं. फिशर-प्राइससारख्या नावाजलेल्या कंपनीचं 'रॉक अँड प्ले' नावाचं उतारावर झोपवायचं साधन घराघरांत पोचलं होतं. तिसाहून अधिक बाळांचे मृत्यू त्याच्याशी जोडले गेले आणि एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख नग परत मागवावे लागले. उतारावर बाळाचं डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट बंद होते. बाळ रडत नाही, हातपाय झाडत नाही. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. म्हणून 'ब्रँडेड आहे, महाग आहे' एवढ्यावर विश्वास टाकू नका. तिकडेच, एक बाजू खाली सरकणारे क्रिब कित्येक वर्षं धडाक्यात विकले गेले. सरकती बाजू निखळून गादीशी फट पडायची आणि बाळ त्यात अडकायचं. जून २०११ पासून ते बनवणं-विकणंच बंद झालं. ऑनलाइन सेकंडहँड कॉट बघताना बाजू सरकती दिसली तर पुढे चला.

आता आजीची झोळी. हा विषय नाजूक आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत नाहीतर कापूस वेचणीला गेलेल्या बाईने लिंबाच्या फांदीला साडीची झोळी बांधली, तर ती निष्काळजी नाही. खाली विंचू आहे, मुंग्या आहेत, तापलेली माती आहे. त्या जागी झोळीने बाळं वाचवली आहेत. सुरतला उधना-लिंबायतमध्ये तुमचे काका-मामा असतील, तर त्यांच्याकडे गुजराती घोडियुं पाहिलं असेल. तेही कापडाची झोळीच, फक्त चौकटीला टांगलेली.

पण झोळीत बाळ केळीसारखं वाकतं आणि हनुवटीचा तोच घोळ होतो. म्हणून झोळी बांधायचीच असेल तर वरून आडवी काठी टाकून कापड पसरट ठेवायचं, जमिनीपासून कमी उंचीवर बांधायची आणि कुणीतरी डोळ्यांसमोर असलं पाहिजे. रात्रीच्या झोपेला झोळी नको. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बाळ उचललं की झोळी सोडून ठेवायची. साडीच्या झोक्यात खेळताना गळ्याला फास बसल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी पेपरात वाचल्या आहेत. त्यातली मुलं तान्ही नसतात, सहा-आठ-दहा वर्षांची असतात. रिकाम्या झोळीत बसून ती गोल गोल फिरतात आणि कापडाला पीळ बसत जातो.

टांगायच्या पाळण्याचं गणित अकरावीच्या फिजिक्सचं आहे. झोका जितका उंच, तितका खालून जाताना दोरीवर ताण जास्त. ६० अंशांपर्यंत नेऊन सोडला तर सर्वांत खालच्या बिंदूला दोरीवर वजनाच्या दुप्पट ताण येतो. बाळाला तसा कुणी झुलवत नाही, पण घरातली बच्चेकंपनी एकमेकांना झुलवतेच. म्हणून छताचा हुक असो की लोखंडी स्टँड, पाण्याचे २० लिटरचे दोन भरलेले जार टांगून अर्धा तास ठेवा. हुक वाकला, स्टँडचा पाय उचलला, वेल्डिंग कुरकुरलं तर तिथेच थांबा. उघड्या तोंडाचा 'एस' हुक काढून हार्डवेअरच्या दुकानातून बंद कडी आणा. साध्या नटाऐवजी नायलॉनची रिंग असलेला लॉक नट लावा, झुलून झुलून तो ढिला होत नाही. बारशाला बायका बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात ना? मला तर ती जुन्या लोकांची लोड टेस्टच वाटते.

माळ्यावरचा जुना पाळणा निघाला तर घरात सगळे भावुक होतात. 'यात तुझे बाबा झोपले, यात तू झोपलास.' सागवान असेल तर लाकूड बहुतेक धडच असेल. वाळवी, वर आलेले खिळे, कुजलेली दोरी एवढं बघा आणि दोरी नवीनच घाला. खरी अडचण रंगाची आहे. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या चकचकीत लाल-पिवळ्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. पाच-सहा महिन्यांचं बाळ दात शिवशिवले की कठडा चावतं. शिसं पोटात गेलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आणि उत्साहात सॅंडपेपर घेऊन कोरडं घासायला बसू नका, ती धूळ घरभर पसरते. असा पाळणा बारशाच्या फोटोपुरता वापरा, झोपायला दुसरा आणा.

खर्चाचं म्हणाल तर पाळण्याचं आयुष्य जेमतेम पाच महिने. बाळ कूस बदलायला, हातांवर जोर देऊन उठायला लागलं की पाळणा संपला, मग उंच कठड्याची कॉट किंवा जमिनीवरची सपाट गादी. मोटर, गाणी आणि रिमोटवर बाबांचे पैसे घालवण्याआधी हा हिशोब करा.

विकत घ्यायच्या वस्तूंपेक्षा पाळण्यातून काढायच्या वस्तूंची यादी मोठी आहे आणि खरं भांडण तिथेच होतं. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी. पडू नये म्हणून दोन बाजूंना लोड. नजर लागू नये म्हणून गादीखाली चाकू. गळ्यात काळा दोरा. कडेला मऊ झालरीचं पॅडिंग. यातलं काहीही झोपलेल्या बाळाजवळ नको. दोरा पाळण्याच्या खुंटीत अडकतो, उशी नाकावर येते. बाळ पाठीवर, सपाट गादीवर, मोकळ्या पाळण्यात झोपलं पाहिजे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ साली 'पालथं नाही, उताणं झोपवा' एवढंच सांगायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

हे आजीला कोण सांगणार? तुम्ही सांगितलं तर 'चार बुकं काय शिकला' हे ऐकावं लागेल. त्यापेक्षा आशाताईंची वाट बघा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. चहा द्या आणि आजीसमोरच विचारा, 'ताई, उशी ठेवायची का हो?' माझ्याकडे हा डाव चालला होता. राईची उशी गेली. चाकूवर मात्र तोडगा निघाला, तो पाळण्यातून निघून कपाटावर बसला. दोरा पायात गेला.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टोपी-मोजे-दुपट्यांचं गाठोडं करून बाळाला झोपवणं म्हणजे त्याला शिजवणं. मान किंवा छाती हाताला गरम, घामट लागली तर एक कपडा कमी करा. पाळणा कूलरच्या थेट झोतात नको, आणि कूलरची वायर, पंप, ओली फरशी यांच्यापासून लांब हवा. पत्र्याच्या छताखाली असाल तर पाळणा रात्री एका खोलीत आणि दुपारी दुसरीत न्यावा लागेल. मग छताच्या हुकापेक्षा स्टँड परवडतो. मच्छरदाणी हवीच, पण ताणून, उंचावर बांधलेली. ढिली होऊन तोंडावर आली तर काय उपयोग?

वर टांगायच्या चिमण्या आजीने कापडाच्या शिवल्या असतील तर प्रश्नच नाही, दोरी वीतभरच ठेवा आणि बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंच बांधा. बाजारातलं प्लॅस्टिकचं फिरतं खेळणं घेणार असाल तर आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो बंधनकारक आहे.

आणि बारशाची रात्र. पाहुणे गेलेत, आत्याने कानात कुर्र करून नाव सांगितलंय, तुमच्या स्टोरीला लाइक पडताहेत. पाळण्याला तुम्हीच बांधलेले फुगे, रिबिनी, झिरमिळ्या अजून तशाच आहेत. झोपायच्या आधी कात्री घ्या आणि सगळं उतरवा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे गादीच्या कडेला शोधा. एखादा तिथे सापडतोच.