कडं फिरवलं, गाडी उठली!

दोस्तांनो, आज शाळेतून घरी आलात की दप्तर टाका आणि दारातल्या मोटारसायकलपाशी जरा उकिडवे बसा. मागच्या चाकाजवळ जाडजूड स्प्रिंग दिसेल. तिच्या एका टोकाला, खाली किंवा वर, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या खाचा असलेलं एक कडं असतं. पाना लावून ते फिरवलं की स्प्रिंग थोडी दाबली जाते. गॅरेजमधला दादा बाबांना विचारतो ना, "काका, डबलसीट जास्त फिरता का? शॉकअप एक खाच कडक करू?" ते हेच कडं.

आता मी म्हटलं, की कडं फिरवून स्प्रिंग कडक होतच नाही, तर? बाबा म्हणतील, काहीतरीच! मलाही पटलं नव्हतं. पण ही एक गोष्ट न समजल्यामुळे माणसं गाड्या बिघडवून बसतात आणि कधीकधी हातपायही मोडून घेतात. म्हणून आज जरा सावकाश बघू.

मोटारसायकलचं कडं लहान. त्याचा थोरला भाऊ बघायचा तर अमेरिकेत जायला हवं. तिथे पिकअप ट्रक म्हणजे पुढे केबिन, मागे उघडा हौदा असलेली गाडी, घरोघरी असते. शेतकरी गवताचे भारे नेतो, सुतार लाकडं नेतो आणि सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी तीच गाडी वाळवंटात घालतात. अशा गाडीला मागे बहुधा पाटे असतात. आपल्या ट्रकांना असतात तसेच, एकावर एक रचलेले वाकडे पोलादी पट्टे. पुढे मात्र आजकाल कॉइलओव्हर असतो. नाव भारदस्त, वस्तू सोपी. कॉइल म्हणजे वेटोळी स्प्रिंग आणि ओव्हर म्हणजे वरून. शॉकअपच्या नळीवर वरून चढवलेली स्प्रिंग. टोयोटाच्या टॅकोमा या पिकअपला १९९५ पासून पुढे अशीच रचना आहे. तुमच्या बटणाच्या बॉलपेनात रिफिलभोवती स्प्रिंग असते ना, अगदी तशी.

कंपनीतून आलेल्या गाडीच्या कॉइलओव्हरला फिरवायचं कडं सहसा नसतं. हौशी लोक वेगळा बसवून घेतात. त्याच्या नळीवर बाहेरून स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात आणि त्या आट्यांवर कडं फिरतं. स्प्रिंगचं एक टोक या कड्यावर टेकलेलं असतं. कडं स्प्रिंगकडे सरकवलं की गाडीचं नाक वर उठतं, उलट फिरवलं की खाली बसतं.

आता खरी गंमत. वही-पेन्सिल घ्या. समजा एक स्प्रिंग आहे, ती १ सेंटीमीटर दाबायला १०० किलोचा जोर लागतो. २ सेंटीमीटरला २००, ३ ला ३००. हा रॉबर्ट हुकचा नियम, वरच्या वर्गातल्या ताई-दादांना माहीत असेल. हा हुक मोठा वल्ली होता. १६७६ साली त्याने आपला नियम अक्षरांची उलटसुलट जुळवणी करून कोड्यासारखा छापला आणि दोन वर्षांनी, १६७८ साली, उत्तर सांगितलं: जसा ताण, तसा जोर.

तर आपल्या स्प्रिंगवर गाडीचा ८०० किलोचा भार येतो. म्हणजे ती ८ सेंटीमीटर दबणार. पण चाक हवेत लटकत असतानाच कड्याने तिला २ सेंटीमीटर दाबून ठेवलेलं आहे. म्हणून गाडी जमिनीवर टेकली की ती आणखी ६ सेंटीमीटर दबते आणि थांबते. आता कडं २ सेंटीमीटर आणखी सरकवा. लटकलेल्या चाकावर स्प्रिंग आता ४ सेंटीमीटर दबलेली आहे. गाडी खाली सोडा. किती दबेल? फक्त ४. बेरीज करा: ४ आणि ४, आठच! गाडी उभी असताना स्प्रिंग पहिल्याइतकीच दबलेली, पहिल्याइतकीच लांब. कारण गाडीचं वजन कुठे बदललंय? बदलली ती फक्त तिची बसायची जागा. स्प्रिंग कड्याबरोबर सरकली आणि तिने गाडीला सोबत उचललं.

पटत नसेल तर घरी करून बघा. खिळ्याला जाड रबर अडकवा, खाली कुलूप टांगा. रबराची लांबी मोजा. आता वरच्या खिळ्याला अडकवा. कुलूप वर गेलं, पण रबर तेवढंच लांब. दुसरं कुलूप जोडा आणि दोन्ही खिळ्यांवर मोजा. ते सारखंच ताणलं जाईल. म्हणजेच रबर कडक झालेलं नाही.

(काही स्प्रिंगांची वेटोळी एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतात. त्यांचं गणित थोडं निराळं. इथे आपण एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग धरली आहे.)

आणखी एक मजा. कॉइलओव्हर चाकावर थेट बसवलेला नसतो. चाकाला धरणारा जो आडवा हात असतो, साधारण त्याच्या मध्यावर तो टेकतो. म्हणजे ही तरफ झाली. चाक ४ सेंटीमीटर हलतं तेव्हा शॉकअप हलतो जेमतेम २. त्यामुळे कडं २ सेंटीमीटर सरकवलं तर गाडीचं नाक चार-एक सेंटीमीटर उठतं. आणि स्प्रिंगवर येणारा भार त्या चाकावरच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट असतो. तरफ फुकट काही देत नाही.

मग लोक म्हणतात ते खोटं का? "कडं आवळलं आणि गाडी दणके द्यायला लागली," असं खूपजण सांगतात. दणके खरे आहेत, कारण चुकीचं आहे. वहीतलं गणित पुन्हा बघा. आधी उभ्या गाडीचं चाक खाली लटकायला शॉकअपमध्ये ६ सेंटीमीटर जागा होती. आता उरली ४. रस्त्यात खड्डा आला की चाक खाली झेपावतं, खड्ड्याच्या तळाशी पोचायच्या आधीच शॉकअपची लांबी संपते आणि आत धातूवर धातू आपटतो. खाट! उंची आपण विकत घेतली आणि किंमत खालच्या जागेने मोजली.

हे मी पाठीवर शिकलो आहे. एकदा तांदळाचं पोतं आणायचं म्हणून मोटारसायकलचं कडं सगळ्यात वरच्या खाचेवर नेलं. पोतं घरी पोचलं, कडं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो. पहिल्याच गतिरोधकावर मागचं चाक असं उडालं की गाडी तिरकी झाली. पडलो नाही, एवढंच. भार होता तेव्हा तीच खाच बरोबर होती. कड्याचं खरं काम तेच आहे. ओझ्याने गाडी जेवढी खाली बसली, तेवढी परत वर आणायची. पिकअपवालेसुद्धा पुढे जड लोखंडी बंपर बसवला की कडं थोडं सरकवतात. ओझं कायमचं आणि खूप असेल, तर जाड तारेची दुसरी स्प्रिंगच घालावी लागते. तीच खरी 'कडक'.

आता कारागीर हे काम कसं करतो ते पाहू. तुम्ही करायचं नाही, लांबून बघायचं. गाडी सपाट फरशीवर उभी करतात. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजून लिहून ठेवतात. हे न लिहिणारा कारागीर नंतर डोकं खाजवतो. मग जॅक, जॅकबरोबर भक्कम स्टँड, आणि चाक हवेत. आटे ब्रशने घासून स्वच्छ करायचे. हा कंटाळवाणा भाग बरेचजण गाळतात आणि वाळूचे कण आट्यांत अडकून कडं कायमचं जाम होतं. मग कडं अडवणारा स्क्रू सैल करून आकड्याच्या पान्याने फेरे मोजत फिरवायचं. स्क्रू पुन्हा आवळून गाडी खाली घ्यायची. लगेच मोजलं तर माप खोटं येतं, कारण टायर फरशीला घट्ट धरून तिरके बसलेले असतात. गाडी थोडी पुढे-मागे करायची आणि मग मोजायचं.

उंची झाली. पण बसणाऱ्याला सुख हवं, त्याचं काय? नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी बेडकासारखी उड्या मारत राहिली असती. तिला आवरतं ते शॉकअपच्या पोटातलं तेल. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दट्ट्या हळू दाबला तर पाणी मुकाट्याने येतं, जोरात दाबला तर हाताला विरोध होतो. शॉकअपमध्येही दट्ट्या असतो आणि त्याच्या बारीक भोकांतून तेल इकडून तिकडे जातं. महागड्या शॉकअपला बाहेर एक बटण असतं. ते टक्‌टक् फिरवलं की तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते. स्प्रिंगची उडी मोडते आणि तिची ताकद तेल तापवण्यात खर्च होते. लांब खडबडीत रस्त्यावर शॉकअप हात लावता येणार नाही इतका तापतो.

वाट जास्त अरुंद केली तर काय होतं, ते वाळवंटात कळतं. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून गाड्यांची प्रसिद्ध शर्यत होते. पहिली तिहुआनाहून ला पाझपर्यंत झाली होती. तिथे दगडधोंडे आहेत, वाळू आहे आणि पन्हाळी पत्र्यासारखे लाटालाटांचे रस्ते आहेत. चाक एका लाटेवर दबलं की पुढची लाट येण्याआधी त्याला खाली परतायला हवं. तेलाने फार धरून ठेवलं तर ते परततच नाही. दर लाटेला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी चाकाला हलायला जागाच उरत नाही. तिथल्या खास शर्यतीच्या ट्रकांचं मागचं चाक दोन फुटांहून जास्त वरखाली होतं, ते उगाच नाही. म्हणून जाणकार एका वेळी एकच बटण, दोनच टिचक्या फिरवतात, त्याच रस्त्यावर पुन्हा जाऊन येतात आणि वहीत टिपतात. आणि सगळ्यात आधी टायरमधली हवा तपासतात. निम्म्या वेळा दोष तिथेच असतो, असं माझं मत.

आता आई-बाबांसाठी थोडं. गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती लवकर उलटू शकते. पुढच्या चाकांची दिशा थोडी बदलते, ती पुन्हा जुळवून घेतली नाही तर टायर एका कडेने झिजतात. चाकाला ताकद पोचवणारे दांडे जास्त तिरके होतात आणि त्यांचे सांधे लवकर खराब होतात. दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. कंपनीने नोंदवलेल्या तपशिलांत मनमानी बदल त्यानुसार करता येत नाहीत.

आणि मुलांनो, एक पक्कं लक्षात ठेवा. कॉइलओव्हर गाडीतून काढून टेबलावर ठेवला तरी स्प्रिंग दबलेलीच असते. आपल्या गणितातली ४ सेंटीमीटर दबलेली स्प्रिंग आठवा. शांत पडलेल्या त्या वस्तूच्या पोटात ४०० किलोचा जोर आहे. तिच्या डोक्यावरचा नट खोलला तर ती गोळीसारखी सुटते. तो नट खोलण्याआधी स्प्रिंग शिकंज्यात धरावी लागते, आणि ते फक्त जाणत्या कारागिराचं काम.

तुमच्यासाठी बिनधोक काम आहे ते मोजण्याचं. मोटारसायकल डबल स्टँडवर लावा. मागचं चाक अधांतरी असेल. चाकाच्या मध्यापासून वर सीटच्या कडेपर्यंत टेपने मोजा. आता बाबांना गाडी स्टँडवरून उतरवून बसायला सांगा, कोणीतरी गाडी धरा आणि पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. चाकाच्या एकूण वरखाली होण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका तो असावा, असा ठोकताळा आहे. मग आईला मागे बसवून मोजा. दोन्ही आकडे घेऊन गॅरेजमधल्या दादाकडे जा आणि कोणती खाच लावायची ते त्यालाच विचारा.